भंडाऱ्याचा काढा

"घरचं काही औषध चालू आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सुकन्यानं सासूकडं पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

चंद्रव्वा भिंतीकडं बघत राहिली. सुनेच्या गळ्यातल्या गाठीला सोलापुरात किरणांचा शेक सुरू झाल्यापासून भाड्याच्या खोलीत ती रोज तुळस, गुळवेल उकळायची, वर गावाकडून, दुधनीहून आणलेला बिरुदेवाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, चिमूटभर. शेकानं माणूस जळतं, झाडपाला आतून राखतो, असं तिनं कुणाच्या तरी मोबाईलवर ऐकलं होतं. दवाखान्यात शेकासाठी बाकावर बसणाऱ्या बायांच्या माना काळ्या पडल्या, सुकन्याची पडली नाही. चंद्रव्वा तिचा पदर सारून त्यांना दाखवायची. "बघा की. हितल्या मलमानं झालंय व्हय हे?" डॉक्टर देवाला हसतील म्हणून त्यांच्यापुढं तोंड उघडायचं नाही, ही ताकीदही तिचीच.

डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता सांगत होत्या. हळदीत, तुळशीत पेशींना किरणांपासून जपणारं काही असावं, त्यावर संशोधन चाललंय. "पण ते गाठीलाही जपत असेल तर? ते अजून नक्की कळलेलं नाही. म्हणून सगळ्यांना विचारते."

"म्हंजे, जाळायचं त्यालाच राखायचं?"

"तसं होऊ शकतं, आजी."

दोघी दारापर्यंत आल्या. सुकन्यानं हात धरून ओढलं, "चला की, आत्या." उभ्या जन्मात कुणापुढं चूक कबूल न केलेली चंद्रव्वा मागं फिरली.

"ही खोटं बोलली. मीच बोलाय लावलं. पंधरा दिस मीच पाजलंय."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, आजपासून बंद करा. आधीच्या पंधरा शेकांचं काय झालं असेल, ते कुणालाच सांगता येणार नाही.

रस्त्यात सुकन्या बसक्या आवाजात म्हणाली, "तुमी चांगल्यापायीच केलं."

"गप. घसा दुखंल."

मग रोज अंघोळीनंतर चंद्रव्वा सुनेची मान निरखायची. मान तशीच गोरी, नितळ; म्हणजे शेक लागतच नाही, असं तिला वाटायचं. बाकावरच्या बाया कौतुक करायच्या, तशी ती घाईनं सुनेचा पदर ओढून मान झाकायची.

सहाव्या दिवशी कानाखाली काळा डाग उमटला.

"दुखतंय?"

"व्हय, आत्या. आग होतीया."

चंद्रव्वानं डोळे मिटून बिरुदेवाचं नाव घेतलं. भंडाऱ्याची पिशवी खिळ्यालाच राहिली. डोळे उघडल्यावर तिला सुनेकडं बघवेना. ती तिच्या पाठीमागं बसली आणि फुंकर घालत राहिली.