रिक्वेस्टमधून आलेला नंबर

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस आहे आणि मागच्या खोल्यांत घर. मध्ये एक पडदा आहे. त्यातून भांडण ऐकू जात नाही, असं सगळ्यांनी मानायचं. ऑफिस मोठ्या भाऊजींचं, कोड माझा आणि श्रेय अर्थातच घराण्याचं.

त्या बुधवारी भाऊजी डायलिसिस सेंटरला पत्र लिहीत होते. मशीनची वेळ घ्यायची किंवा रद्द करायची ती त्यांची वेबसाइट आम्ही बनवलेली. आदल्या आठवड्यात एक निवृत्त मास्तर सेंटरवर पोचले तर त्यांची वेळ रद्द झालेली आणि मशीनवर दुसराच माणूस. मास्तरांना धाप लागली, दुसरीकडे हलवावं लागलं, थोडक्यात वाचले. आता सेंटरला लेखी खुलासा हवा होता.

भाऊजींनी मोठ्याने वाचलं, "'काउंटरवरील सिस्टरने चुकीचा नंबर टाकल्यामुळे...' कसं वाटतं?"

"खोटं वाटतं," मी म्हणाले.

या पत्राने सिस्टरची नोकरी जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सेंटरवाल्यांनी तिला तसं बजावूनच ठेवलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि हुकूम टाइप करून देणार आम्ही.

"मी शोधून काढलंय," मी म्हणाले. "एका पेशंटच्या मुलाला आईची वेळ रद्द करायची होती. त्याने लिंकमध्ये पेशंटचा नंबर हाताने टाकला, ४७१ ऐवजी ४१७, म्हणजे मास्तरांचा. आपल्या कंट्रोलरने तो तसाच उचलला."

"मग चूक मुलाची."

"चुकून दुसऱ्याचं दार वाजवलं ही त्याची. कोण रे तू, असं न विचारता घरातलं सामान काढून दिलं ही आपली."

कंट्रोलर म्हणजे वेबसाइटवर आलेली प्रत्येक रिक्वेस्ट जिथे उघडून वाचली जाते ती जागा. रिक्वेस्टमध्ये लोक काय वाटेल ते लिहून पाठवू शकतात. म्हणून कुणाची वेळ रद्द करायची हे त्यातल्या नंबरवरून ठरवायचं नसतं, लॉगिन कुणी केलंय ते आधी बघायचं असतं. मी तसंच लिहिलं होतं. पण सेंटरवाल्यांना साइट दाखवायच्या दिवशी भाऊजी एकाच्या नावाने लॉगिन करून दुसऱ्याची वेळ रद्द करायला गेले. ती होईना. चारचौघांत फजिती झाली म्हणून त्यांनी माझ्या त्या दोन ओळीच काढून टाकल्या. नंतर घालू म्हणाले. आमच्या ऑफिसात नंतर म्हणजे कधीच नाही.

"हे सगळं तुझं म्हणणं," भाऊजी म्हणाले. "सिद्ध करून दाखव. आणि जरा तोंड सांभाळून बोल."

माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, चालू साइटवर माझ्या नावाने लॉगिन केलं आणि लिंकमध्ये नंबर टाकला, १२. तो मला पाठ आहे. दर गुरुवारी सासूबाईंना सेंटरवर मीच नेते.

"ही मी. बारा नंबर मी नव्हे. आता बघा." मी एंटर दाबलं.

'उद्या सकाळी आठची वेळ रद्द झाली.'

पडद्यामागे मोबाइल वाजला. सासूबाई बाहेर आल्या, चष्मा कपाळावर, मोबाइल हातभर लांब धरलेला. "माझी उद्याची वेळ कुणी रद्द केली?"

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तो अर्धा मिनिट टिकला.

"मी केली. लगेच परत घेते," मी म्हणाले, आणि मग आठवलं. मोकळी झालेली वेळ त्याच क्षणी यादीतल्या पुढच्या पेशंटला द्यायची आणि त्याला मेसेज पाठवायचा, ही माझीच हुशारी. आठच्या पुढे दुसरा नंबर येऊन बसलाही होता.

"वा!" सासूबाई म्हणाल्या. "भांडण तुमचं आणि रक्त माझं."

"काढून टाक त्याला," भाऊजी ओरडले.

"मास्तरांना काढलं तसं?" मी विचारलं खरं, पण मान वर करून नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

उरला सेंटरच्या काउंटरचा फोन. भाऊजींनी तो स्पीकरवर लावला. सिस्टरने सगळं ऐकून घेतलं.

"आठची वेळ ज्यांना मिळाली त्यांची मी काढणार नाही," ती म्हणाली. "दुपारी दोनला एक मशीन मोकळं होतंय. ते हाताने लिहून घेते. नंबर सांगा."

"बारा."

"समोर बघून सांगा, साहेब. चुकला तर माझ्या नावावर येतो."

सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. भाऊजींच्या स्क्रीनवरचं अर्धवट पत्र त्यांना आता वाचता येत होतं. भाऊजींनी नंबर पुन्हा सांगितला, एक आणि दोन असा सुटा सुटा, आणि पुढे आईचं पूर्ण नावही सांगितलं.

"लिहिलं," सिस्टर म्हणाली. "आणि ते खुलाशाचं पत्र आज येणार होतं ना?"

भाऊजींनी आईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"येतंय," ते म्हणाले. "पण नव्याने लिहावं लागेल."

फोन ठेवून त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "त्या दोन ओळी आधी घाल."