अकरावी गोळी

वरदा साने एखादा अपमान विसरली, असं आजवर घडलेलं नाही. चौथीत असताना जिने तिच्या चित्रावर पाणी सांडलं होतं, त्या मुलीचं आडनाव ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. तेव्हा गेल्या ऑक्टोबरात जे झालं ते वर्षभरात ही विसरून जाईल, असं सुश्रुत केळकरला वाटत असेल, तर तो त्याचा भाबडेपणा. दुसरं काय म्हणणार?

दोघं पुण्याचे, दोघं लंडनला आलेले. ती क्रॉयडनच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते. तो स्टॅनमोरला राहतो आणि कुठल्याशा बँकेत असतो. आणि दोघं एकाच रायफल क्लबाचे सभासद. एनसीसीत असताना वरदाच्या हाताला जी सवय लागली होती, ती वीस वर्षांनी सरेमधल्या एका रेंजवर पुन्हा जागी झाली होती.

गेल्या वर्षी काउंटीच्या टीमची निवड होती. प्रत्येकाने आपापल्या कार्डावर दहा गोळ्या मारायच्या. वरदाच्या कार्डावर निघाली अकरा भोकं. क्लबची सेक्रेटरी पॉलिन, ताठ कण्याची, सत्तरीतली बाई. तिने सगळ्यांना विचारलं, "कुणाची गोळी चुकून शेजारच्या कार्डावर गेली का?" सगळे नाही म्हणाले. शेजारच्या लेनवरचा सुश्रुतही नाहीच म्हणाला. मग अकरावी गोळी वरदाचीच ठरली, तिचे दोन गुण कापले गेले, आणि एका गुणाने सुश्रुत टीममध्ये गेला. वर तिच्या खांद्यावर हात ठेवून, चारचौघांत, इंग्रजीत म्हणाला, "होतं असं नवख्यांचं."

आता खरी गोष्ट. त्या दिवशी नेम धरून पडलेली असताना वरदाच्या कानांवर जे हेडफोन होते, ते स्फोटाचा आवाज अडवणारे पण बोलणं ऐकू देणारे होते. सहाव्या गोळीच्या वेळी शेजारून स्पष्ट "च्यायला!" ऐकू आलं होतं. त्या अख्ख्या रेंजवर हा शब्द म्हणणारा एकच आणि समजणारी एकच. स्वतःची गोळी भलत्याच कार्डावर गेलेली सुश्रुतने पाहिली, गुपचूप एक जास्तीची मारून आपली दहा पुरी केली, आणि तोंडात गुळणी धरून बसला.

हे पॉलिनला कसं सिद्ध करणार? वरदाने सांगून पाहिलं, पण तिथे ती रडकी ठरली. सगळ्यांत वाईट वेगळंच होतं. तीन आठवडे तिला स्वतःचाच संशय येत राहिला. घरी जाताना ट्रेनमध्ये ती नवऱ्याला म्हणाली होती, "अपूर्व, मोजताना माझंच चुकलं असेल." मोजण्यावर जिचं पोट चालतं, तिच्या तोंडून हे वाक्य निघालं! ते वाक्य तिने सुश्रुतच्या नावावर लिहून ठेवलं होतं, आणि उट्टं काढायचा मुहूर्त होता आज, रविवारी, दुपारी तीनला. टीममधली जागा एका वर्षापुरतीच असते, आणि यंदाही एकच रिकामी होती.

त्यासाठी तिने स्वतःची रायफल घेतली होती. आठ महिने परवान्याची वाट, पोलिसांची घरी भेट, भिंतीत ठोकलेलं लोखंडी कपाट, आणि त्याची चावी नवऱ्यालाही द्यायची नाही असा इथला कायदा. रायफल वापरलेली, पण जर्मन, आणि स्वभावाने गरीब. मागच्या रविवारी आतल्या छोट्या रेंजवर तिने पाचच्या पाच गोळ्या एका पेनीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ मारल्या होत्या. आज सकाळी फक्त एवढंच ठरवायचं होतं, की चार जातींच्या काडतुसांपैकी रायफलला कुठलं मानवतं.

गाडीतून उतरतानाच सुश्रुत समोर आला. "दे गं, बॅग मी घेतो," म्हणत त्याने रायफलची बॅग उचलली आणि फाटकापर्यंत नेली. तोवर वरदा बूट बांधत होती. हे लक्षात ठेवा, तिने तर ठेवलंच.

पहिल्या पाच गोळ्या गेल्या त्या अख्ख्या कार्डावर शिंपडल्यासारख्या. तिने दुर्बिणीतून पाहिलं, डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. दुसऱ्या जातीची पाच. सुरुवातीच्या दोन बऱ्या, मग नळी तापेल तशा उजवीकडे चढत गेल्या. तिसरी जात त्याहून वाईट. मध्येच रेंज बंद. ही सार्वजनिक रेंज, त्यामुळे पलीकडच्या टोकाला कुणाच्या तरी चाळिशीची पार्टी आली होती. दर दहा मिनिटांनी ती मंडळी आपापली लक्ष्यं बघायला चालत जात, फोटो काढत, आणि तोवर सगळ्यांनी रायफलला हात न लावता गप्प बसायचं. वरदा ओल्या चटईवर पडून दातओठ खात होती.

वारा असेल म्हणून ती थांबली. वारा थांबला, गोळ्या भरकटायच्या थांबल्या नाहीत. साइटचे स्क्रू पाहिले, घट्ट. दस्त्याचे स्क्रू पाहिले, घट्ट. कोपराखालची चटई बदलली, पट्टा एक भोक आवळला, श्वास मोजला. साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं. अकरा वाजता पॉलिन मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इट माइट बी यू, डियर."

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात शेजारून सुश्रुत मान वळवून म्हणाला, "काय गं, रुसली का रायफल? की अंगण वाकडं?"

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बॅग! बॅग याने उचलली होती! फाटकापाशी पूर्ण दोन मिनिटं ती याच्या हातात होती. काय केलं असेल मेल्याने? तिला याचं उत्तरही नको होतं. दोषी सापडला होता, पुरावा काय, येईल मागाहून. गेल्या वर्षीचं आणि या वर्षीचं दोन्ही मिळून याला कसं सोलून काढायचं, याचे बेत करत तिने चौथ्या जातीची काडतुसं फुकट घालवली. अशा मनःस्थितीत मारलेली गोळी कुठे जाते, ते नेमबाजांना विचारा.

जेवणाच्या सुट्टीत सगळे क्लबहाउसमध्ये भाजलेल्या बटाट्यांवर तुटून पडले. वरदा रायफलच्या रॅकपाशी एकटीच बसून पोळीची गुंडाळी खात होती. पोटात चार घास गेले तशी तिच्यातली टेस्टर जागी झाली. नवीन माणसांना ती स्वतः काय शिकवते? काही बिघडलं तर आधी विचारा, शेवटचा बदल कुणी आणि कधी केला?

मागच्या रविवारी रायफल ठीक. आज बिघडलेली. मधल्या आठवड्यात ती कपाटातून बाहेर कधी आली?

गुरुवारी. गुरुवारी दसरा होता.

पोळी तिच्या हातातच राहिली. दसऱ्याला तिने लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि रायफल पाटावर ओळीने मांडली होती. पुण्याहून आई व्हिडिओवर सांगत होती आणि ती करत होती. हळद, कुंकू, झेंडूऐवजी सुपरमार्केटमधली शेवंती, आणि वरून मूठभर अक्षता. नंतर कुंकू तिने नीट पुसलंही होतं.

या रायफलची नळी दस्त्याला, म्हणजे खालच्या लाकडाला, कुठेही टेकत नाही. दोघांमध्ये बारीकशी फट असते, आणि ती मोकळी असली तरच नेम लागतो. वरदाने खिशातली खरेदीची पावती काढली, दुमडली आणि फटीतून सरकवली. अर्ध्यावर ती अडली. तिने हळूच कागद हलवला, ओढला, पुन्हा सरकवला. तिसऱ्या खेपेला तांदळाचा एक दाणा तिच्या तळहातावर पडला. कुंकवाने लाल झालेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती हसली. मग हसू ओसरलं, कारण बाकी काही बदललं नव्हतं. आजचा दोष सुश्रुतचा नव्हता, मान्य. पण गेल्या वर्षीचा तर होता ना?

त्याची रायफल रॅकवर तिच्या शेजारीच होती. बोल्ट उघडा, रिकामी असल्याची पिवळी पट्टी आत खोचलेली. दुसऱ्याच्या रायफलला हात लावणं हा या खेळातला सर्वांत मोठा अधर्म, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने क्लबहाउसच्या दाराकडे पाहिलं. मग पावतीच्या टोकावर तो दाणा ठेवला आणि त्याच्या नळीखाली सरकवून दिला. खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

तीनला निवड सुरू झाली. रुसवा निघालेली रायफल गाईसारखी वागली. वरदाने शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मारले. आणि मारता मारता शेजारून येणारी "च्यायला" ती मोजत राहिली. पहिलं तिसऱ्या गोळीला, दुसरं पाचवीला. एकूण सहा झाली. प्रत्येक वेळी तिच्या अंगावर मोरपीस फिरत होतं. सुश्रुतचे झाले एक्क्याऐंशी.

क्लबहाउसमध्ये पॉलिनने यादीवर वरदाचं नाव पेनाने लिहिलं आणि तिला चहा दिला. सुश्रुत कोपऱ्यातल्या टेबलावर रायफल खोलून बसला होता. स्क्रू काढले, नळी दस्त्यातून उचलली, आणि लाकडावर टक् करून काहीतरी पडलं.

"व्हॉट्स दॅट?" पॉलिनने विचारलं.

"राइस," सुश्रुत म्हणाला. इंग्रज माणसाला तो नुसता तांदूळ वाटला असता. सुश्रुत सदाशिव पेठेत वाढलेला. त्याने दाणा उजेडात धरला, त्यावरचा लाल रंग पाहिला आणि त्याचा चेहरा फिरला. त्याच्याही घरी गुरुवारी दसरा झाला होता. त्याची आई उन्हाळ्यापासून स्टॅनमोरला त्याच्याकडेच होती.

त्याचे हात तेलकट होते, म्हणून त्याने फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"आई, गुरुवारी रायफलवर अक्षता टाकल्या होत्यास ना?"

"नाही रे," काकूंचा बारीक आवाज आला. वरदाने तो ओळखला. जुलैमध्ये घरी केलेल्या मेतकुटाची बाटली त्यांनीच तिच्या हातात ठेवली होती. "नुसतं फूल वाहिलं. तूच म्हणाला होतास ना, आत काही जाईल म्हणून."

"आई, दाणा माझ्या हातात आहे!"

"पण मी खरंच नाही टाकल्या."

"मग काय आपोआप उगवला? तुला हल्ली काही आठवत नाही. माझी टीम गेली तुझ्यामुळे, कळतंय का? एक साधी गोष्ट सांगितली होती!"

मग काकू म्हणाल्या, "टाकल्या असतील बाबा. माझंच चुकलं असेल."

वरदाच्या हातातला कप बशीवर आपटला. वर्षभर जपून ठेवलेलं ते वाक्य आज कुणाच्या तोंडून निघायला हवं होतं, आणि निघालं कुणाच्या! तिला वाटलं, उठावं आणि निघून जावं. यादीत नाव आहे, कुणालाही कधीही कळणार नाही. सुश्रुतलाही गेल्या वर्षी नेमकं असंच वाटलं असणार. या विचाराने मात्र तिला शिसारी आली.

ती टेबलापाशी गेली आणि फोनकडे वाकून म्हणाली, "काकू, मी वरदा. तुमचं काही चुकलेलं नाही. तो दाणा माझा आहे."

"म्हणजे?" सुश्रुत म्हणाला.

"माझ्या रायफलमध्ये निघाला. जेवणाच्या सुट्टीत मी तो तुझ्या रायफलमध्ये घातला."

सुश्रुत खुर्ची मागे सारून उठला. "अगं, तुला लाज आहे का? यू चीटेड!"

"हो, केलं. आत्ता पॉलिनला पण सांगते, नाव खोडायला लावते. पण आता तू बोल. काकू ऐकताहेत. गेल्या वर्षी माझ्या कार्डावरची अकरावी गोळी कुणाची होती?"

त्याचा हात फोनकडे गेला. बोटांना तेल होतं, फोन काही बंद होईना.

"कसली गोळी रे?" काकूंनी विचारलं.

"काही नाही आई, मी घरी येऊन..."

"मला विसरायला होतं म्हणालास ना? मग घरी येईपर्यंत विसरेन मी. आत्ता सांग. कुणाची होती?"

पॉलिन एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. सुश्रुतने तो लाल दाणा टेबलावर ठेवला.

"माझी," तो म्हणाला.

वरदाने पॉलिनला दोन्ही गोष्टी इंग्रजीत सांगितल्या, आधी स्वतःची. पॉलिनने सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, पट्टी ठेवली आणि वरदाच्या नावावर सरळ रेघ ओढली. कमिटीपुढे दोघांनाही यावं लागेल, म्हणाली. मग कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली आणि वरदाच्या ओळीत कापलेल्या दोन गुणांवर पेन टेकवलं.

"सो यू फायर्ड टेन," ती म्हणाली.

"टेन," वरदा म्हणाली. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. "मी दहाच मारल्या होत्या."