अब्बांच्या होडीवरचा डबा

होडी कुठे आहे हे किनाऱ्यावर कळवणारा अर्शियाचा डबा एका चार्जिंगवर तीन दिवस चालायला हवा होता. दहा होड्यांवर दहा डबे बसवले आणि दहाही दुपारीच बंद पडले. त्यातच त्या दहांतल्या आकिबच्या होडीचं इंजिन गेलं, विजयदुर्गाबाहेर तो तासन्‌तास वाहत राहिला आणि किनाऱ्यावर कुणाला पत्ता नाही. संध्याकाळी दुसऱ्या होडीने ओढून आणलं, म्हणून निभावलं.

चूक शोधायला अर्शियाला चार दिवस लागले, आणि सापडली तेव्हा आनंद व्हायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. डब्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं. एक होडीची जागा मोजायचा, दुसरा ती टॉवरकडे धाडायचा. दोघांत कुलूप एकच. ते एकाकडे असेल तेव्हा दुसऱ्याने थांबायचं. थांबायचं कसं, इथेच बाई चुकल्या. ऑपरेटिंग सिस्टमला सांगून निजायचं, कुलूप सुटलं की ती उठवते, ही सरळ रीत सोडून तिने स्पिन लॉक लावलं. म्हणजे सुटलं का, सुटलं का, असं सेकंदाला लाखो वेळा विचारत उभं राहायचं. तारकर्लीतल्या टेबलावर कुलूप क्षणात सुटायचं, तिथे हेच झटपट. भर समुद्रात टॉवर मिळेना, धाडणारा कुलूप धरून बसे आणि विचारणारा बॅटरी जाळत राही.

मग अब्बांच्या होडीवर हाच डबा दोन महिने चालला कसा? त्यांनी बरा म्हटला म्हणून तर बाकीचे दहा बनले.

फकरुद्दीन किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. लेकीने विचारलं तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"इंजिनाच्या बॅटरीक जोडलेलंय. पयल्याच दिसा बंद पडलो तो."

अर्शियाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि माका सांगत होतात, बरो चलता! कित्याक, अब्बा?"

"दारात पाय ठेवलंय काय तुझा सुरू. चलता मा? जेवताना परत, चलता मा? जेवक नाय, निजाक नाय. नाय म्हटलं असतंय, तर तू निजलं असतंस?"

ती वाळूतच बसली. भांडायलाही अंगात जोर लागतो. तिने आकिबला फोन लावून सांगितलं, सगळ्यांचे डबे उतरवा, चूक माझी आहे. अब्बांचं नाव घेतलं नाही.

"माझा नाव सांग गो," फकरुद्दीन म्हणाले. "दर्यात जाताना, डबो चलता मा, असा तो माकाच इचारून गेल्लो."