ओटीपी का दिलात?

सायबर सेलच्या साहेबांनी आधी आईला खुर्ची दिली आणि मग विचारलं, "मावशी, ओटीपी का दिलात?"

माझी आई, मीराबाई, पालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून जन्म काढलेली बाई, पिशवीतून बँकेचे कागद काढायला लागली. मला खरं तर रडू यायला हवं होतं, निदान राग तरी. काहीच येत नव्हतं. सकाळी कोणीतरी आईचं क्रेडिट कार्ड चाटूनपुसून साफ केलं होतं आणि मी साहेबांच्या चहावर धरलेली साय बघत बसले होते.

उत्तर मला ठाऊक होतं. फोन करणाऱ्या त्या माणसाकडे आईचं नाव, कोपरीचा पत्ता, कार्डाचा नंबर, सगळं होतं. कुठूनतरी फुटलेली माहिती. त्यात आडनावही आलंच. आमचं आडनाव वाचलं की लोकांना जे कळायचं ते कळतं. भाड्याने खोली शोधताना मी ते पुरेपूर भोगलंय. यालाही कळलं. त्याने नमस्कार-बिमस्कार केलाच नाही. आईने फोन उचलल्याबरोबर म्हणाला, "जय भीम, आई. बँकेतून बोलतोय."

एरवी आई अनोळखी माणसाला किती वाजले तेसुद्धा सांगणार नाही. पण या दोन शब्दांवर तिने परक्या गावात अनोळखी घरी मुक्काम केलाय. ओटीपी काय, त्याने घराची किल्ली मागितली असती तरी दिली असती.

इथे यायला रिक्षात बसलो तेव्हाच तिने मला बजावलं होतं, "ते तिथं बोलायचं नाय, प्रियांका. चोरीच्या कागदावर ते शब्द नको."

"अगं, मग ते तुलाच येडी समजतील."

"समजू दे."

आता साहेबांची बोटं कीबोर्डवर थांबली होती. "काहीतरी बोलला असेलच ना तो? उगाच कोण देतं?"

मी तोंड उघडलं. आईने टेबलाखाली माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली.

"बक्षीस लागलंय बोलला," आई म्हणाली. "मला हाव सुटली, साहेब."

साहेबांनी ते टाइप केलं. "या वयात कशाला हवी हो हाव, मावशी?"

पोरगा झाला म्हणून नोटा पुढे करणाऱ्यांकडून कधी पेढ्याशिवाय काही न घेतलेली माझी आई मान खाली घालून म्हणाली, "चुकलं माझं."