शाळेखालचे थर

"आता सांग, भेग कुठंय?" चराच्या तळाशी उभं राहून म्हाताऱ्या गवंड्यानं विचारलं.

लेकीनं उत्तर टाळून चराची भिंत पुन्हा थापीनं खरवडली. थापी बापाचीच होती, जुनी. भूगर्भशास्त्राच्या नोकरीत तिनं असे कितीतरी चर खणवले होते. मातीच्या थरांच्या कडेनं पिवळ्या चिंधीचे खिळे ठोकायचे, आणि थर तुटून खालीवर सरकला असेल तिथे लाल चिंधीचे. कालव्यापलीकडच्या चरात लाल चिंध्यांची रांगच लागली होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या भूकंपात जमीन फाटली ती तिथे. इथे, पडलेल्या शाळेच्या जागेवर, सगळ्या पिवळ्याच.

शाळा गवंड्यानं बांधलेली. भूकंपात ती मुलांसकट खाली बसली आणि आजूबाजूची घरं उभीच राहिली. तेव्हापासून गाव त्याला 'भूकंप' म्हणतं. गावाला विनोदाची भारी हौस. तो चहाला आला की कुणीतरी हमखास म्हणणार, "सरका रे, भूकंप आला!" गेलेल्या मुलांचे बाप मात्र हसत नसत, उठून जात. आणि ह्याचं चाळीस वर्षं एकच पालुपद, जमीनच शाळेखालून फाटली, तिथे भिंत काय करणार? लेक त्यावर विश्वास ठेवूनच या विषयात शिरली होती.

"बाबा, भेग लांब आहे, कालव्यापलीकडे. इथले थर अखंड आहेत."

"नीट बघ."

"तीनदा बघितलं."

"मग एक लाल लाव की! कोण येतंय तपासायला? तुझ्या शब्दाला मान आहे." त्याचा आवाज खाली आला. "मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी मला नावानं हाक मारावी गं."

तिला त्याचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा, कारण तिचा हात लाल खिळ्यांच्या डब्यापर्यंत गेला होता.

"नाही जमणार, बाबा."

त्यानं डब्यातला एक लाल खिळा उचलला, ओळंबा बघताना मिटायचा तसा एक डोळा मिटला आणि खिळा अंगठ्यानं भिंतीत दाबला. जरा वेळ बघत राहिला.

"मी वर गेलो की काढ," तो म्हणाला आणि शिडी चढू लागला.

तिनं शिडी धरली. तो वर पोचल्यावर खिळा उपटला, भोक ओल्या मातीनं लिंपलं आणि भिंतीचा फोटो घेतला.

वरून चर खणणाऱ्या गावच्या मजुरांचा आवाज आला, "सरका रे, भूकंप आला!" हशा पिकला. त्यात बापाचंही हसू होतं. तिनं ते पहिल्यांदाच ऐकलं.