जिब्रानचा निबंध

रुचिकाने प्रश्नपत्रिकेचं शेवटचं पान उलटलं आणि निबंधाचे विषय हळू आवाजात वाचून दाखवले. पहिला झाडाचं मनोगत, दुसरा मोबाइल शाप की वरदान, तिसरा निरोपाचा क्षण.

"तिसरा," जिब्रान लगेच म्हणाला.

"नीट विचार कर. झाडाचा आपला चार वेळा सराव झालाय."

"तिसराच घे."

परीक्षा केंद्राच्या प्रयोगशाळेत पर्यवेक्षक धरून ते तिघंच होते. दहावीच्या बाकीच्या मुलांना खाली मोठ्या वर्गांत बसवलं होतं. या दोघांना वरची खोली आणि जास्तीचा वेळ मिळाला होता. पर्यवेक्षक सर दाराजवळच्या खुर्चीत बसून रकान्यांचा कुठलासा तक्ता भरत होते. रुचिका नववीत होती. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो आणि तिचं अक्षर शाळेत सगळ्यांत सुबक, म्हणून कल्पिताबाईंनी तिला निवडलं होतं. तालुक्याच्या निबंध स्पर्धेत ती दोनदा पहिली आली होती.

कल्पिताबाई तळा गावाहून आठवड्यातून दोन दिवस यायच्या. वाचता-लिहिता न येणाऱ्या, पण बाकी सगळं समजणाऱ्या मुलांसाठी. जिब्रानला आठवीपर्यंत सगळे मठ्ठच समजत होते. बाई आल्या आणि त्यांनी त्याला नकाशातली खाडी दाखवून भरती-ओहोटी विचारली. तो अर्धा तास बोलत राहिला. त्यानंतर मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तीन खेपा झाल्या, कागद झाले, सवलत मिळाली. परीक्षेआधी बाईंनी रुचिकाला बाजूला घेऊन एकच गोष्ट बजावली होती.

"तो बोलेल तेच लिहायचं. तू त्याचा हात आहेस. तुला उत्तर येत असलं तरी तुला ते येत नाही, कळलं?"

"कळलं, बाई."

आणि इतका वेळ तिने ते पाळलंही होतं. व्याकरणात त्याने चुकीचा समास सांगितला, तेव्हा तिने ओठ आवळून तो तसाच लिहिला होता.

जिब्रानने डोळे मिटले. तो बोलायला लागला की नेहमी डोळे मिटायचा.

"लिही. अब्बा दुसऱ्यांदा कुवेतला निघाले तवा मी तिसरीत होतो. अम्मी घरीच राहिली. तिला रडायचं होतं म्हणून. मी नि अब्बा दिघीच्या जेटीवर आलो."

रुचिकाने 'तवा' ऐकलं आणि 'तेव्हा' लिहिलं. एवढं तर करायलाच हवं होतं. 'अब्बा' लिहिताना ती जरा थांबली आणि तिने 'माझे वडील' लिहिलं.

"लाँच पलीकडच्या आगरदांड्यावरून यायची होती. जेटीवर एका माणसाने अब्बांना कागद दिला, म्हणाला, नाव-पत्ता लिवा. अब्बांनी खिसे चाचपले. म्हणाले, चष्मा घरी राहिला. पण अब्बांना चष्मा नव्हताच. मी म्हणलो, अब्बा, तुमाला चष्मा कुठं हाय? तर हसले. त्या माणसाकडूनच त्यांनी कागद लिहून घेतला. मग मला म्हणाले, मलाय अक्षरं धरता येत न्हाईत रे. जिती मासळी हातातून सुटते ना, तशी सुटतात. अम्मीला सांगू नको. मी परत आलो की आपण दोघं मिळून शिकू."

रुचिकाचं पेन थांबलं होतं. हे असलं बोर्डाच्या पेपरात कुणी लिहितं का? कुठल्यातरी गावातले कुणी अनोळखी सर हे वाचतील, आणि 'वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं' यावर लाल रेघ मारतील. मासळी म्हणे. निबंधात सुरुवात हवी, मध्य हवा, सुभाषित हवं. जिब्रानला पस्तीसच्या वर न्यायचं होतं, आणि निबंध आठ गुणांचा होता.

"मग लाँच आली," जिब्रान म्हणाला. "अब्बा चढले. मी हात केला न्हाय, कारण माझ्या दोन्ही हातांत त्यांनी दिलेली केळी होती. ते परत आले न्हाईत. तिकडंच त्यांना दफन केलं. संपलं."

"संपलं? एवढंच?"

"निरोपाचं एवढंच हाय."

तिने दाराकडे पाहिलं. सर तक्त्यात मान घालून बसले होते. तिने लिहायला सुरुवात केली. निरोपाचा क्षण म्हणजे काळजाला पडलेला पीळ. माझे वडील परदेशी निघाले, तेव्हा अथांग सागरालाही गहिवरून आले. पापण्यांचे बांध फुटले आणि अश्रूंना वाट मिळाली. पाषाणालाही पाझर फुटावा, असा तो प्रसंग. पेन थांबतच नव्हतं. असं लिहिताना तिला नेहमी एक प्रकारचं सुख वाटायचं, तसं आताही वाटत होतं. दीड पान झालं.

जिब्रानने डोळे उघडले होते. तो पानाकडे बघत होता.

"एवढं बोललो मी?"

"लिहिताना लांबतं," ती म्हणाली.

एसटीने परत येताना तो खिडकीशी बसला होता. त्याने विचारलं, "अब्बांचं लिहिलंस ना गो?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

त्याने मान हलवली आणि बाहेर बघत राहिला. "कुणाला सांगितलं नव्हतं ते," तो म्हणाला. "पेपर लांब कुठंतरी जातो ना, म्हणून सांगितलं."

निकाल लागला तेव्हा जिब्रान पास झाला होता. गणितात काठावर, पण मराठीत एकाहत्तर. कल्पिताबाईंनी शाळेच्या व्हरांड्यातच त्याला जवळ घेतलं, आणि मग रुचिकाच्या पाठीवर हात ठेवून मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "हिच्यासारखी प्रामाणिक लेखनिक मिळायला नशीब लागतं." रुचिका खाली बघत उभी राहिली. सगळ्यांना ती लाजली असं वाटलं. त्या रात्री, आणि नंतरही अनेकदा, तिने बाईंना सांगायचं ठरवलं. पण मग वाटायचं, सांगून आता काय? गुण तर त्यालाच मिळाले. कुणाचं काही गेलं नाही.

जुलैत एका रविवारी जिब्रानची धाकटी बहीण बोलवायला आली. अम्मीने ताबडतोब बोलावलंय, म्हणाली.

जुलेखाचाचीने, जिब्रानच्या अम्मीने, ओटीवर चटई टाकली होती. समोर बशीत शेवया होत्या. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद होते.

"ये बेटा, बस. मुख्याध्यापकांना सांगून मागवले. जिब्रानच्या पेपराची झेरॉक्स. बोर्डाकडून मागवता येते, मला कुठं माहीत होतं!" तिने कागद बाहेर काढले, पदराने पुसल्यासारखे केले. "मी उर्दू शाळेतली. मराठी मला दुकानाच्या पाट्यांपुरती. याला उर्दू जमेना, म्हणून मराठीत घातला, तर इथंही तेच. किती मारलाय मी याला, तुला काय सांगू. आणि आज बघ, एवढे कागद भरले माझ्या पोराने. त्यातला निबंध वाचून दाखव मला. बाई म्हणाल्या, निबंधालाच जास्त मार्क हायत."

जिब्रान दारात उभा होता. "कशाला, अम्मी?" तो म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. त्यालाही ऐकायचं असावं.

रुचिकाने कागद हातात घेतले. तिचंच सुबक अक्षर, झेरॉक्समध्ये थोडं काळवंडलेलं. 'काळजाला पडलेला पीळ.' जुलेखा पुढे सरकून, हात गुडघ्यावर ठेवून बसली होती.

रुचिकाने कागद डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "अब्बा दुसऱ्यांदा कुवेतला निघाले, तेव्हा मी तिसरीत होतो."

जुलेखा हसली. "असंच बोलतो तो."

"अम्मी घरीच राहिली. तिला रडायचं होतं म्हणून."

"अगं बाई, हे पण लिहिलं!"

रुचिका कागदावरून नजर न हलवता बोलत राहिली. जेटी, लाँच, नाव-पत्त्याचा कागद. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आठवत होतं. मागे जिब्रान येऊन उभा राहिल्याचं तिला जाणवलं. गेल्या वर्षभरात बाईंनी त्याला एकेक शब्द बोटाने धरून वाचायला शिकवलं होतं. त्याचं बोट तिच्या खांद्यावरून आलं आणि पहिल्या ओळीवर टेकलं. ती चष्म्यापर्यंत पोचली, तरी ते बोट पहिल्या ओळीवरच होतं. मग ते दुसऱ्या ओळीवर गेलं. मग हळूच उचललं गेलं.

"चष्मा घरी राहिला, अब्बा म्हणाले. पण अब्बांना चष्मा नव्हताच."

जुलेखाचं हसू थांबलं. "काय म्हणालीस?"

रुचिकाने पुढचं सांगितलं. अक्षरं धरता येत नाहीत. जिती मासळी सुटते तशी सुटतात. अम्मीला सांगू नको. आपण दोघं मिळून शिकू.

परसात कोंबड्या माती उकरत होत्या.

"मी मेसेज लिहायची त्यांना," जुलेखा म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "उर्दूत. लांब लांब. ते नुसता आवाज पाठवायचे, तोही चार शब्दांचा. मी म्हणायची, दोन ओळी लिहायला तुमचे हात झिजतात का? घरच्या बाईला लिहावंसं वाटत न्हाय, तिकडं कुणी भेटली का? शेवटचा महिना मी त्यांच्याशी बोललेसुद्धा न्हाय. लिहून पाठवाल तरच बोलेन, म्हणलं." तिने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. "मग तिकडून दुसऱ्याच माणसाचा फोन आला."

तिने जिब्रानकडे पाहिलं. "तुला माहीत होतं? इतकी वर्षं?"

"सांगू नको म्हणाले होते."

"आणि मी तुला मारत होते." तिने रुचिकाच्या गुडघ्याला हात लावला. "परत वाच, बेटा. ते अक्षराचं. अब्बा काय म्हणाले ते."

रुचिकाने कागद पुन्हा वर धरला. "अब्बा म्हणाले, मलाय अक्षरं धरता येत नाहीत. हातातून... हातातून वाळू निसटते, तशी निसटतात."

"मघा मासळी म्हणालीस."

रुचिका कागदाकडे बघत राहिली. तिथे ना मासळी होती, ना वाळू. तिथे सागर गहिवरला होता. तिच्या डोळ्यांसमोर आपलीच अक्षरं पुसट झाली, आणि आता सगळं कळणार, असं तिला वाटलं. कळलं असतं तर बरंच झालं असतं.

"दे इकडं," जिब्रान म्हणाला. "तिला माझं बोलणं कळत न्हाय. मी वाचतो."

"तू?" जुलेखा म्हणाली.

त्याने रुचिकाच्या हातातून कागद काढून घेतला. तो आईच्या शेजारी बसला, कागद मांडीवर ठेवला आणि 'पाषाणालाही पाझर'च्या खाली बोट धरलं. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत.

"अब्बा... म्हणाले," तो म्हणाला, "मलाय... अक्षरं... धरता येत न्हाईत रे."

बोट एकेका शब्दाखालून पुढे सरकत होतं. जुलेखाने त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग त्याच्या ओठांकडे, आणि तोंडावर पदर धरला. "वाचतो," ती रुचिकाला म्हणाली. "बघ गं, वाचतो. त्यांनी बघायला पाहिजे होतं."

रुचिका उठली. शेवयांची बशी तशीच होती. ती पायरी उतरून चप्पल शोधत असताना जिब्रान बाहेर आला. कागद अजून त्याच्या हातात होते.

"जिब्रान, मी..."

"निबंधाला किती मार्क असतात गो?"

"आठ."

"मला किती पडले?"

"सात."

त्याने कागदाच्या कडा जुळवल्या. तो रागावला आहे की नाही, हे तिला चेहऱ्यावरून कळेना.

"मी बोललो तसं लिहिलं असतंस, तर किती पडले असते?"

चप्पल सापडली होती, तरी ती वाकूनच राहिली.

"जिब्रान," आतून जुलेखाने हाक मारली. "ये रे. पहिल्यापासून वाच एकदा."

तो आत गेला. रुचिका अंगण ओलांडून कुंपणाच्या बेड्यापर्यंत आली, तेव्हा आतून त्याचा आवाज येऊ लागला, नव्याने वाचायला शिकलेला माणूस अडखळेल तसा, मध्ये मध्ये अडखळत.