राहीबाईच्या हाताचं माप

मत्स्यखात्याच्या साहेबांनी मासे धरायच्या जाळ्याच्या एका घरात फुटपट्टी धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "अडीच. तीन पाहिजे. जप्त."

"अवं सायेब, नीट बगा की," सूर्यभान भोई म्हणाला. "चार बोटी जाळं हाय. मीटिंगमधी तसंच ठरलं हुतं."

ठरलं होतं खरं. पिल्लं निसटावीत, तलावात मासा टिकावा म्हणून शहाण्णव साली तीन इंचांहून बारीक जाळं बंद झालं, तेव्हा जामखेडकडच्या या तलावावर सगळ्यांत आधी हात वर केला तो सूर्यभाननं. मासा संपला तर आधी आपणच मरणार, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरातलं जुनं बारीक जाळं त्यानं स्वतः जाळून टाकलं. मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननं आपला जाडजूड पंजा उंच करून सांगितलं होतं, तीन इंच म्हणजे चार बोटं. आणि या घरात जाळं विणायचं ते बाईनं, माप तिच्याच बोटांचं. सूर्यभानच्या आईनं तसंच विणलं, त्याच्या बायकोनं, राहीबाईनंही पावसाळ्याच्या बंदीचे दोन महिने खपून तसंच विणलं. तिची बोटं वाळक्या शेंगांसारखी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आज बंदी उठली होती आणि घरात हे एकच जाळं होतं.

राहीबाईनं साहेबांच्या हातातली पट्टी सरळ काढून घेतली आणि धरणाच्या भिंतीकडे तरातरा निघाली. साहेब मागे धावले. तिथं तलावाचा ठेका घेतलेल्या नव्या ठेकेदाराची माणसं मच्छरदाणीसारखं जाळं ओढत होती. बोटाएवढी पिल्लं पाट्यांत तडफडत होती; ती जाणार होती कोंबड्यांच्या खाद्याला. तिनं पट्टी त्या जाळ्याला लावली. पट्टीचं टोकसुद्धा आत जाईना.

"मोजा की हे बी! का हितं डोळं गेलं तुमचं?"

"बाई, त्यांचा परवाना वेगळा आहे. तो विषय माझ्याकडे येत नाही," साहेब घड्याळ बघत शांतपणे म्हणाले.

या शांतपणाचीच चीड येते. शिव्या दिल्या असत्या तर निदान माणूस तरी वाटला असता.

जप्त जाळं जागच्या जागी कापायचं, असाही एक नियम होता. तो मात्र लगेच पाळला गेला. सगळे परत जाळ्यापाशी आले. साहेबांच्या शिपायानं विळा काढला तसा सूर्यभान अंगावर धावला. राहीबाईनं त्याचा सदरा घट्ट धरला.

"हात उचलू नगा. आत घालत्याल, आन् परवाना बी जाईल."

चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात दोन महिन्यांच्या कामाच्या चिंध्या झाल्या.

जीप गेली. राहीबाई काठावरच बसली. पिशवीतून उरलेला दोरा काढून तिनं त्याचं टोक दगडाला बांधलं.

"अवं, बसा हितं. हात द्या तुमचा."

"आता कशाला?"

"तुमच्या बोटांवर इनते. दोन म्हैने तर दोन म्हैने."

सूर्यभाननं चार बोटं पुढं केली. समोर ठेकेदाराचा टेम्पो भरत होता. चढणाऱ्या प्रत्येक पाटीगणिक सूर्यभान तिकडं वळत होता, त्यामुळं पहिली गाठच बसेना.

"हालवू नगा," राहीबाई म्हणाली आणि तिनं गाठ सोडून पुन्हा घातली.